नव्या चेंडूचा मानकरी

आमच्या चारकोपच्या घराला पहिल्या मजल्यावर एक चिंचोळी गॅलरी आहे. खाली सोसायटीचं सामाईक अंगण. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीनं म्हाडानं इथं छोटे छोटे भूखंड आखले, अंगणाभोवती घरं बांधायला दिली, आणि गिरणगावातली, चाळीतली माणसं खाडीच्या कडेच्या तिवरांलगत येऊन राहिली. त्यात आम्हीही आलो. आता बैठ्या घरांवर मजले चढले आहेत, अंगणात मोटारसायकली उभ्या असतात. तरी रविवारी सकाळी त्या बाजूला सारून पोरं बावीस यार्ड मोकळे करतात. नेमके बावीस नव्हेत, अठराच. पण पोरांच्या हिशेबात बावीस.

त्या गॅलरीत माझे वडील खुर्ची टाकून बसतात. वय पंच्याऐंशी. सारं घर त्यांना अब्बा म्हणतं, नातूसुद्धा. मध्यंतरी एका रविवारी माझा पुतण्या मैदानावरून घरी आला. पंधरा वर्षांचा आहे, वेगवान गोलंदाजी करतो. आल्या आल्या त्यानं दप्तरातून एक वही काढली आणि काहीतरी लिहून ठेवलं. अब्बांनी विचारलं, ''आज किती टाकलेस?''

''छत्तीस.''

''षटकं?''

''नाही अब्बा, चेंडू.''

अब्बा थोडा वेळ खाली अंगणाकडं बघत राहिले. मग म्हणाले, ''मग दमलास कशानं?''

पोरगा हसला, मीही हसलो. पण हा प्रश्न काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. कारण आमच्या घरात नव्या चेंडूनं गोलंदाजी केलेली माणसं तीन आहेत: अब्बा, मी आणि हा पोरगा. आणि तिघांनी केलेलं काम एकच होतं असं मला म्हणवत नाही. आज तेच थोडं सांगायचं आहे. डावाचा पहिला चेंडू ज्याच्या हाती देतात, त्या माणसाचं काम शंभरेक वर्षांत कसकसं बदलत गेलं, आणि त्याची किंमत कुणी मोजली.

आधी नव्या चेंडूविषयी दोन शब्द. कसोटीतला लाल चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा. नवा असताना त्याच्यावर लकाकी असते आणि मधली शिवण ताठ उभी असते. आपल्याकडं मेरठचा हातशिलाईचा चेंडू वापरतात, त्याची शिवण जास्तच उठावदार. ती बोटांत तिरकी धरून सोडली, की चेंडू हवेत त्या दिशेला वळतो, आणि टप्पा शिवणीवर पडला तर आत येईल की बाहेर जाईल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ही ताकद अल्पायुषी असते. पंधरा-वीस षटकांत चेंडू मऊ पडतो, शिवण बसते. म्हणून हा चेंडू कुणाच्या हाती द्यायचा, हा संघनायकाचा पहिला निर्णय. जुन्या चेंडूच्या जागी नवा कधी मिळणार, यावरही पुष्कळ काही ठरतं. ब्रॅडमनचा संघ १९४८ साली इंग्लंडला गेला तेव्हा तिथं ५५ षटकांनंतर नवा चेंडू मिळत असे. लिंडवॉल आणि मिलरला ती मेजवानीच होती. आज तो ८० षटकांनंतर मिळतो. म्हणजे मधला लांबलचक, धुळकट दुपारचा वेळ कुणीतरी जुन्या चेंडूवर काढायचा असतो. ते कुणीतरी कोण, हीच या गोष्टीतली खरी मेख.

आपल्याकडं आरंभी गोलंदाजी ही मजुरीच मानली जाई. पळवणकर बाळू यांची कथा अनेकांना माहीत असेल. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर ते मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होते आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकत. बॅट हाती घ्यायची साहेबानं, घाम गाळायचा बाळूंनी. ते डावखुरे फिरकी गोलंदाज, नव्या चेंडूचे नव्हेत. पण १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यांनी दौऱ्यातल्या सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. एका उन्हाळ्यात एकशे चौदा! किती चेंडू टाकले असतील, याचा विचार त्या वेळी कुणाच्या मनाला शिवला नसेल. ज्यांना देवळात शिवू देत नव्हते, त्यांच्या खांद्याचा हिशेब कोण ठेवणार?

मग १९३२. २५ जूनला लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली आणि महंमद निसार आणि अमरसिंग या जोडीनं नवा चेंडू हाती घेतला. इंग्लंड ३ बाद १९. निसारनं त्या डावात पाच बळी घेतले. आपली कसोटीतली सुरुवात अशी जातिवंत वेगानं झाली होती, हे आपण विसरून जातो. पुढं कोल्हापूरचे दत्तू फडकर आले, त्यांनी बॅटीबरोबर नवा चेंडूही सांभाळला. पण तोवर कणा फिरकीचा झाला होता. १९५२ साली लॉर्ड्सवर विनू मांकड यांनी एका डावात ७३ षटकं टाकली, आणि फलंदाजीत ७२ आणि १८४ धावा केल्या, हे वेगळंच.

आणि मग रमाकांत देसाई. अब्बांच्या तोंडी हे नाव आलं की ते खुर्चीत सरळ होऊन बसतात. देसाई १९३९ चे, अब्बांच्याच आगेमागे जन्मलेले. उंची बेताची, त्यामुळं त्यांना 'टायनी' म्हणत. वेस्ट इंडिजविरुद्ध फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीला ते पहिली कसोटी खेळले, वय वर्षं एकोणीस. वेस्ट इंडिजनं ८ बाद ६४४ वर डाव सोडला. त्या डावात या पोरानं ४९ षटकं टाकली, १६९ धावांत ४ बळी. एकोणपन्नास षटकं म्हणजे २९४ चेंडू, पाटा खेळपट्टीवर, पूर्ण धाव घेऊन. त्यांनी पुढं एकूण २८ कसोटी खेळून ७४ बळी घेतले. अब्बा म्हणतात, ''त्याला बघून आम्हाला कळलं, की आपल्या उंचीच्या माणसालासुद्धा फलंदाजाच्या छातीवर चेंडू आदळता येतो.''

अब्बा एका गिरणीत साचेखात्यात बदली कामगार होते. बदली म्हणजे काय, हे तरुण श्रोत्यांना सांगायला हवं. रोज सकाळी गेटावर उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर काम, नाही तर घरचा रस्ता. गिरण्यांचे, बँकांचे, कंपन्यांचे संघ तेव्हा टाइम्स शील्डसारख्या स्पर्धांत उतरत, आणि चेंडू टाकता येतो म्हणून माणसाला नोकरी लागत असे. अब्बांच्या गिरणीचा कप्तान हापिसातला साहेब. बॅटिंग करणारे बहुतेक हापिसातले. चेंडू टाकणारे दोघे खात्यातले. सकाळी नवा चेंडू अब्बांच्या हाती यायचा आणि संध्याकाळपर्यंत तो काही परत घेतला जायचा नाही. ''थांबू का, असं मी कसं विचारणार?'' अब्बा म्हणतात. ''परमनंट व्हायचं होतं.'' आणि एकदा ते सहज बोलून गेले ते मी लिहून ठेवलं आहे: ''गिरणीत घड्याळ होतं, आठ तास झाले की भोंगा व्हायचा. मैदानावर भोंगा नव्हता.''

ते परमनंट झाले. उजवा खांदा मात्र चाळिशीच्या आतच गेला. आज तो हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरायचे असले की डावा हात. नमाजाला हात उचलतानाही उजवा कानापर्यंत पोचत नाही, छातीपाशी थांबतो.

जुन्या गोलंदाजांविषयी बोलताना आपण फार लवकर हळवे होतो, असं मला वाटतं. त्या काळी दुखापती नव्हत्या, म्हणे. नव्हत्या कशा? नोंदवल्या जात नव्हत्या. देसाईंची ४९ षटकं आपल्याला माहीत आहेत कारण ते भारतासाठी खेळले. ज्यांचे खांदे, गुडघे मैदानावरच गेले, ते आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत.

आता माझ्याकडं येतो. इथं मी फार वेळ घेणार नाही, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. मी कॉलेजच्या संघात नवा चेंडू टाकायचो. बी.ए.चं वर्ग बुडवून टाकलेले ते चेंडू. पण माझं काम काय? कप्तान स्पष्ट सांगायचा, ''चार षटकं टाक, लकाकी घालव, मग फिरकी लावतो.'' म्हणजे मी नव्या चेंडूचा मानकरी नव्हतो, त्याची साल काढणारा होतो.

ही रीत आमच्या कॉलेजनं शोधून काढलेली नव्हती. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि सत्तरच्या दशकात भारतीय संघानं तिचंच शास्त्र केलं होतं. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन अशी चौकडी हाताशी असताना वेगवान गोलंदाज हवा कशाला? १९६७ साली बर्मिंगहॅमला चौघेही संघात होते आणि नवा चेंडू टाकायला माणूसच उरला नाही, तेव्हा एका टोकानं बुधी कुंदरननं सुरुवात केली. हा मूळचा यष्टिरक्षक! सुनील गावसकरांनीही कसोटीत नवा चेंडू टाकला आहे. पण या गोष्टीची हसण्यावारी नेण्यासारखी नसलेली बाजू म्हणजे एकनाथ सोलकर आणि सय्यद आबिद अली. सोलकर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. मैदानाच्या कडेच्या खोलीत वाढलेला. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर नवा चेंडू या दोघांनीच हाताळला. चंद्रशेखरनं दुसऱ्या डावात ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड १०१ धावांत बाद झालं आणि अजित वाडेकरांचा संघ इंग्लंडमध्ये पहिल्यांदा जिंकला. गौरव चंद्राचा झाला, व्हायलाच हवा. सोलकरनं मात्र जवळ उभं राहून ॲलन नॉटचा जो झेल घेतला तो अजून छायाचित्रात बघायला मिळतो. आणि विजयाचा चौकार आबिद अलीच्या बॅटमधून गेला. म्हणजे ज्यांना चार षटकांपुरतं ठेवलं होतं, ते सामनाभर दुसरीच कामं करत होते. सोलकरच्या साध्या मध्यमगतीनं पुढं १९७४ साली बॉयकॉटसारख्या फलंदाजालाही हैराण केलं.

करसन घावरी हे आणखी एक उदाहरण. नवा चेंडू डाव्या हातानं वेगात टाकायचा, आणि तो जुना झाला की त्याच हातानं फिरकी. एका पगारात दोन पाळ्या! १९८१ च्या मेलबर्न कसोटीत शेवटच्या डावात ग्रेग चॅपेलला त्यानं पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत केलं आणि दुखऱ्या मांडीसह कपिलदेवनं २८ धावांत ५ बळी घेतले. ऑस्ट्रेलिया ८३.

कपिलविषयी काय सांगावं? १९७८ साली तो आला आणि नव्या चेंडूला आपल्याकडं पुन्हा मान मिळाला. १३१ कसोटी, ४३४ बळी. दुखापतीमुळं त्याची एकही कसोटी चुकली नाही. जी एक चुकली ती निवड समितीनं वगळल्यामुळं. पण कपिलचं हे उदाहरण पुढच्या पिढ्यांच्या डोक्यावर काठीसारखं उगारलं गेलं, असं मला वाटतं. 'कपिल कधी थांबला का?' नाही थांबला. पण कोट्यवधींच्या देशात तसं शरीर एखादंच निघतं. त्याच्या मापानं सगळ्यांचे कपडे शिवायचे का? बाकी १९८३ चा तो चेंडू मुंबईच्या बलविंदरसिंग संधूचा. गॉर्डन ग्रीनिजनं बॅट वर उचलून सोडून दिला आणि यष्टी उडाली. तारीख २५ जून, म्हणजे निसारनं नवा चेंडू हाती घेतल्याला बरोबर एक्कावन्न वर्षं. असल्या योगायोगांत कवी लोकांना उगीच रस असतो, माफ करा.

मुंबईत नव्या चेंडूचं खरं विद्यापीठ म्हणजे कांगा लीग. १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाणारी ही स्पर्धा. ओली, उघडी खेळपट्टी, गुडघाभर गवत, सीमारेषेपाशी चिखल. तिथं मध्यमगती गोलंदाजही राजा व्हायचा. मी खालच्या डिव्हिजनमध्ये दोन मोसम खेळलो. पहिल्यांदा तिथंच कुणी मला 'लकाकी घालव' म्हणालं नाही, उलट 'पुसून ठेव' म्हणालं. नव्या चेंडूची चव मला कळली ती त्या दोन पावसाळ्यांत.

त्याच आझाद मैदान-क्रॉस मैदानाच्या परिसरात श्रीरामपूरहून एक पोरगा आला, सुधीर नाईकांच्या नॅशनल क्रिकेट क्लबात दाखल झाला आणि पुढं चेन्नईच्या वेगवान गोलंदाजी प्रशिक्षण केंद्रात गेला. झहीर खान. आमच्या घरात तो भिंतीवर होता. नव्या चेंडूच्या कामात किती फरक पडला हे बघायचं तर २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. झहीरनं पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव टाकली, सहा धावा, एक बळी. संपूर्ण स्टेडियम उभं होतं. आणि पुढच्या पाच षटकांत चोपन्न धावा गेल्या. एकाच माणसाला डावाचा दरवाजा उघडायचा आणि रात्री तोच लावूनही घ्यायचा, अशी दोन कामं त्याच्या वाट्याला आली होती. त्याच वर्षी जुलैत लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्या दिवशी मांडीचा स्नायू दुखावून तो बाहेर गेला. पुढच्या तीन कसोटी त्याच्याशिवाय झाल्या आणि मालिका आपण ४-० अशी गमावली. एक खांदा, एक मांडी यांवर किती मोठा डोलारा उभा असतो, हे त्या दौऱ्यानं दाखवलं.

वीस षटकांच्या खेळानं आणखी एक गोष्ट केली. सर्वोत्तम गोलंदाज आणि नवा चेंडू यांचं लग्न मोडलं. इथं प्रत्येकाला चारच षटकं. मग हुशार कप्तान म्हणतो, माझा हुकमाचा एक्का पहिल्याच हाताला का खर्चू? २०११ च्या आयपीएल अंतिम सामन्यात चेन्नईनं नवा चेंडू अश्विनच्या हाती दिला, आणि पहिल्याच षटकात ख्रिस गेल शून्यावर गेला. फिरकी गोलंदाजानं सुरुवात करायची! आमच्या कॉलेजच्या कप्तानाला हे कळलं असतं तर त्यानं मला तेवढी चार षटकंही दिली नसती.

न्यू जर्सीत माझा एक कॉलेजमित्र आहे. तो सांगतो, अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हेच झालं. तिथं डावाला सुरुवात करणारा चेंडूफेक्या पूर्वी सामना संपवूनच मैदान सोडायचा. साय यंग नावाचा त्यांचा पुराणपुरुष १८९० ते १९११ या काळात खेळला, त्यानं ७४९ सामने असे एकट्यानं पूर्ण केले. पुढं मदतीला दुसरे आले, मग शेवट करणारा खास माणूस आला, मग फेकी मोजायला लागले आणि शंभरच्या आसपास पोचली की प्रशिक्षक मैदानात चालत येऊ लागला. मे २०१८ मध्ये टँपा बे या संघानं तर शेवटी येणाऱ्या सर्जिओ रोमो यालाच सुरुवातीला पाठवलं, एक डावभाग टाकून घेतला आणि परत बोलावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. म्हणजे 'सुरुवात करणारा' ही पदवी उरली, अर्थ बदलला. एक फरक मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथं एकदा बाहेर काढलेला माणूस त्या सामन्यात परत येत नाही. आपला गोलंदाज फाइन लेगला जाऊन उभा राहतो, पाणी पितो आणि तासाभरानं परत येतो. या परत येण्यातच आपल्या खेळाची सारी गंमत आहे. सकाळी ज्यानं बाहेर जाणारा चेंडू खेळवला, तोच दुपारी जुना चेंडू घेऊन त्याच फलंदाजापुढं उभा राहतो. दोघांनी एकमेकांना ओळखलेलं असतं. चार षटकांत अशी ओळख होत नाही.

आणि आता जसप्रीत बुमराह. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाच कसोटींत त्यानं दीडशेच्या वर षटकं टाकली, ३२ बळी घेतले, आणि सिडनीच्या शेवटच्या कसोटीत पाठ धरून बाहेर गेला. दुसऱ्या डावात तो चेंडू टाकू शकला नाही. २०२३ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रियाही झालेली होती. म्हणून २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंड दौऱ्याआधीच निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांनी सांगून टाकलं, की तो पाचही कसोटी खेळणार नाही. आगरकर म्हणजे मुंबईचेच नव्या चेंडूचे गोलंदाज, त्यांना हे दुखणं ठाऊक. बुमराह तीन कसोटी खेळला. चारकोपच्या नाक्यावर, सलूनमध्ये, रिक्षाच्या रांगेत, सगळीकडं त्याला बोल लागले. 'आयपीएलला बरा फिट असतो!' त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. शरीर कुणासाठी राखायचं, देशासाठी की लिलावासाठी, हा प्रश्न खराच आहे.

पण त्याच मालिकेत महंमद सिराज पाचही कसोटी खेळला. १८५ षटकांच्या वर टाकली, २३ बळी घेतले. ४ ऑगस्टला ओव्हलवर शेवटचा गडी त्यानंच बाद केला आणि भारत सहा धावांनी जिंकला. त्या सकाळी समोरच्या टोकाला कोण उभा होता? इंग्लंडचा नव्या चेंडूचा गोलंदाज ख्रिस वोक्स. खांदा निखळलेला, डावा हात झोळीत बांधून स्वेटरच्या आत, एका हातात बॅट. अब्बा टीव्हीसमोर होते. सिराजनं यष्टी उडवली तेव्हा आम्ही सगळे ओरडलो. अब्बा ओरडले नाहीत. ते म्हणाले, ''त्या दुसऱ्याचा खांदा बघा रे.''

घरच्या मैदानावरही हेच चाललं आहे. पालघरहून लोकलनं मुंबई गाठत मोठा झालेला शार्दूल ठाकूर मार्च २०२४ मध्ये रणजीची उपांत्य लढत गाजवल्यावर उघड बोलला, की सामन्यांमध्ये तीनच दिवसांची उसंत असेल तर पोरं जायबंदी होतील. बरं वाटलं. साठ साली आमच्या अब्बांना हे बोलता आलं नव्हतं. त्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात विदर्भाचा शेवटचा गडी उरला तेव्हा अजिंक्य रहाणेनं चेंडू धवल कुलकर्णीच्या हाती दिला. धवलचा तो शेवटचा सामना. त्यानं त्रिफळा उडवला आणि मुंबईनं बेचाळिसाव्यांदा करंडक जिंकला. पहिला चेंडू टाकणाऱ्याला शेवटचा चेंडू देण्याची ही रीत कुठल्याही तक्त्यात बसत नाही, आणि ती जाऊ नये असं वाटतं.

आता पोराचं सांगतो. मागल्या वर्षी तो चौदाचा होता, आणि एका क्लबात जायचा. चेंडू चांगला बाहेर काढतो म्हटल्यावर त्याला चौदा वर्षांखालच्या संघात घेतलं, सोळाखालीही घेतलं, शाळेचा संघ वेगळाच. शनिवार-रविवार मिळून तीन कप्तान, आणि तिघेही नवा चेंडू त्याच्याच हाती देणार. कुणाचा दुसऱ्याशी हिशेब नाही. पोरगा खूश, घर खूश, सगळ्यांत खूश मी. कमरेत दुखतं म्हणाला तेव्हा मीच त्याला म्हणालो, ''कपिल कधी थांबला का?'' हो, मघाशी ज्या काठीबद्दल बोललो, ती मीच उगारली होती. दोन महिन्यांनी स्कॅन काढला. मणक्याच्या कमानीला बारीक चीर. वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजांना होते ती. हाड पक्कं झालेलं नसतं, आणि दर चेंडूला पुढचा पाय आपटताना कंबर वाकते, वळते, मागं ताणली जाते. एकदा नव्हे, दिवसातून दीडशे वेळा. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि काही महिने चेंडूला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं.

ते महिने घरात सुतकासारखे गेले. मग एका नव्या प्रशिक्षकांनी ती वही दिली. रोज टाकलेला प्रत्येक चेंडू लिहायचा, सरावातला आणि अंगणातलाही. हिशेब सोपा आहे. या आठवड्यात टाकलेले चेंडू मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीपेक्षा एकदम फार वाढू द्यायचे नाहीत. नुसते जास्त चेंडू घातक नसतात, एकाएकी झालेली वाढ घातक असते. अगदी कमी टाकणंही बरं नाही, कारण मग शरीर विसरतं. इंग्लंडात तर कोणत्या वयाच्या मुलानं एका दमात किती आणि दिवसात किती षटकं टाकायची, याचे नियमच आहेत. आपल्याकडं अजून वही ज्याच्या त्याच्या शहाणपणावर.

खरं सांगू? पहिल्यांदा मला त्या वहीची चीड आली होती. खेळाचं वाणसामान करून टाकलं असं वाटलं. पण ज्यानं आयुष्यभर ओळीतल्या मात्रा बोटांवर मोजल्या, त्यानं चेंडू मोजण्याला नाक मुरडणं बरं दिसत नाही. तरी मनात एक सल आहेच. गेल्या महिन्यात पोराच्या सामन्यात समोरचा फलंदाज थकला होता, चेंडू नुकता उलटा वळायला लागला होता, आणि पोरानं वहीप्रमाणं चेंडू प्रशिक्षकांना दाखवला आणि तो बाजूला झाला. त्या फलंदाजानं पुढं साठ धावा काढल्या. सामना हरले. घरी येताना बसमध्ये पोरगा एक शब्द बोलला नाही. मला त्याला सांगण्यासारखं काही सुचलं नाही.

त्या रात्री अब्बांनी वही मागून घेतली. चष्मा लावून पानं चाळली. छत्तीस, बेचाळीस, विश्रांती, तीस. मग म्हणाले, ''माझं पण लिही एक.'' बापू नाडकर्णींनी मद्रासला सलग १३१ चेंडू एकही धाव न देता टाकले, त्या १९६४ च्या हिवाळ्यातला गिरणीचा एक सामना त्यांना आठवत होता. सत्तावीस षटकं, एका टोकानं, जेवणाची सुट्टी सोडता सलग. पोरानं गुणाकार केला आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: १६२. मग त्यानं विचारलं, ''आणि दुसऱ्या दिवशी, अब्बा? विश्रांती?''

''दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती,'' अब्बा म्हणाले, आणि डाव्या हातानं वही परत केली.